जाळं दर्यात पडण्याआधी

जुलै सरत आला. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांना रंग लागतोय. अंगणांत जाळी पसरली आहेत आणि फाटलेले आस, म्हणजे विणीची घरं, सांधणारे हात दिवसभर थांबत नाहीत. १ ऑगस्टला पावसाळी मासेमारीबंदी उठेल. नारळी पौर्णिमेचा नारळ दर्याला मिळेल आणि होड्या आत जातील. त्याआधीच्या या मोजक्या दिवसांत मला तुमच्याशी बोलायचं आहे. तुम्ही सातपाटीत राहत असा, मालवणात राहत असा, नाहीतर पुण्यातल्या एखाद्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. रविवारी तुमच्या घरात मासळी शिजत असेल, तर हे तुमच्यासाठीच आहे. वाचा. आणि वाचून झाल्यावर नुसते हळहळू नका. उठा, आणि काहीतरी करा.

गेल्या मोसमात एका बंदरावर लिलावाच्या वेळी उभी होते. समोर पापलेटांची पाटी आली. चांदीसारखी लखलखीत पापलेटं. पण एकेक इतकं लहान, की तळहातावर ठेवलं तर जेमतेम शेपटी बाहेर यावी. बोली लागली, पाटी कवडीमोलाने गेली. शेजारी एक म्हाताऱ्या मावशी उभ्या होत्या. सगळं आयुष्य मासळी विकण्यात गेलेलं. त्यांनी पाटीतलं एक पापलेट उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि हळूच परत ठेवलं. ‘ही तर पोरं हायत अजून,’ एवढंच म्हणाल्या. पुढे काही बोलल्या नाहीत. त्यांनी ती पाटी घेतली नाही. दुसऱ्या कोणीतरी घेतली.

तुम्ही हिशेब करा. पन्नास ग्रॅमचं एक पापलेट धरा. किलोला वीस. ही वीस दर्यात राहिली असती, तर त्यातली काही मोठ्या माशांनी खाल्ली असती, काही अशीच मेली असती. निम्मी गेली असं समजा. उरली दहा. ती दहा चारशे-चारशे ग्रॅमची झाली, की चार किलो माल होतो. एका किलोचे चार किलो. शिवाय मोठ्या पापलेटाला किलोमागे मिळणारा भाव लहानाच्या कितीतरी पट. आणि त्या दहांनी मरण्याआधी अंडी घातली असती, ती वेगळीच. ती पाटी विकून त्या दिवशी कोणाला तरी चार पैसे मिळाले. पण त्याच्या कित्येक पटींचं धन त्याच पाटीत बुडालं. बुडालं ते त्याचंही, आणि त्याच्या शेजाऱ्याचंही.

म्हणून पहिलं काम सांगते. तुमचा पंजा उघडा. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत बघा. एवढ्या लांबीचं नसलेलं पापलेट घेऊ नका. कायद्याने पापलेटाची किमान लांबी १३५ मिलिमीटर ठरवली आहे. मोठ्या माणसाचा पंजा त्याहून लांब असतो. कायदा जिथे थांबतो, त्याच्या चार बोटं पुढे उभे राहा. बाजारात पट्टी न्यायला नको, यंत्र न्यायला नको. हात तुमच्याबरोबर असतोच.

तुम्ही म्हणाल, मासळी काय फक्त जाळ्यांमुळे कमी झाली? नाही. दर्या तापतोय. वादळं वाढताहेत. २०१९ साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २.०१ लाख टन मासळी उतरली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदींत ४५ वर्षांतला तो सगळ्यात खालचा आकडा होता. आदल्याच वर्षी तो २.९५ लाख टन होता. २०१९ च्या ऐन मोसमात क्यार चक्रीवादळ आलं, पाठोपाठ महा आलं. होड्या बंदरात बांधलेल्याच राहिल्या. पुढच्या वर्षी ३ जूनला निसर्ग येऊन रायगडची घरं उघडी करून गेलं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते. हे आपल्या हातात नाही, हे मलाही मान्य आहे. वारा आपण अडवू शकत नाही. पण जाळं आपल्या हातात आहे. आणि मासळी घटल्याचा घाव कोणाच्या घरावर किती खोल बसतो, हे वाऱ्याइतकंच जाळ्यावरही ठरतं.

हे नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट इथे आहे. ‘मासळी कमी झाली की सगळ्यांचंच नुकसान’ असं आपण सहज म्हणून जातो. पण ते सगळ्यांचं सारखं होत नाही. एका घराची लहान होडी आहे. भरती-ओहोटीच्या ओढीसमोर तोंड उघडून उभं राहणारं पिशवीसारखं जाळं, म्हणजे डोल, आहे. तिच्यात बोंबील येतो, करंदी येते, जवळा येतो, मांदेली येते. त्याच घरात पापलेटासाठी वेगळं जाळं आहे. बोंबील जास्त आला तर वाळवणाच्या वलांडीवर सुकतो आणि पावसाळ्यात घराला पैसे देतो. अशा घराला एका माशाने दगा दिला तर दुसरा सांभाळून घेतो. दिवस कठीण जातात, पण चूल विझत नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आणि अलास्कातल्या तीस हजारांहून अधिक बोटींच्या उत्पन्नाचा अभ्यास झाला, तेव्हाही हेच दिसलं. अनेक प्रकारची मासेमारी करणाऱ्यांच्या उत्पन्नातले चढउतार कमी असतात. आपल्या आजीला हे अभ्यासाशिवाय ठाऊक होतं. म्हणून तर तिच्या माळ्यावर सोडेही होते, सुकटही होतं आणि खारे बोंबीलही.

आता दुसरी बोट बघा. मोठी. कर्ज काढून बांधलेली. तिच्यावर पर्ससीन जाळं. बांगडा, तारली, थव्याने फिरणारी जी मासळी असेल तिच्याभोवती हे जाळं गोल फिरवायचं आणि खालून बटव्याचं तोंड आवळावं तसं आवळायचं. अख्खा थवा आत. मासा मुबलक असेल तेव्हा एका रात्रीत पाटीवर पाटी उतरते. पण मासा घटला की? खलाशांचा पगार थांबत नाही. डिझेल थांबत नाही. बर्फ थांबत नाही. बँकेचा हप्ता तर नाहीच नाही. ही बोट घरी बसू शकत नाही, कारण बसली तर बुडते. मग ती आणखी लांब जाते, आणखी रात्रीची जाते. मग कोणीतरी पाण्यावर झगझगीत एलईडी दिवे सोडतो आणि दूरदूरची मासळी उजेडाला ओढून घेतो. हे माणसाच्या वाईटपणामुळे होत नाही. कर्ज माणसाला पाण्यात ढकलतं.

म्हणून बोटमालकांनो, तुम्हाला हात जोडून सांगते. तुम्ही शत्रू नाही. तुमच्याही घरी लेकरं आहेत. एका जाळ्यावर अख्खं घर टांगू नका. नवं कर्ज घेऊन आणखी मोठं जाळं घेण्याआधी दोन रात्री थांबा. बोट हाकणाऱ्या तांडेलाला विचारा. वीस वर्षांपूर्वी मासा मिळवायला किती लांब जावं लागत होतं, आणि आता किती? उत्तर ऐका. मग ठरवा.

यातला सगळ्यात मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. तो सांगते. थव्याने राहणारा मासा कमी झाला तरी विखरून राहत नाही. शंभर थव्यांचे दहा थवे होतात, पण थवा थवाच राहतो. मासा शोधणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर तो दिसतो, जाळं त्याच्यावर पडतं, आणि जाळं भरतं. दहाव्या थव्यालाही भरतं, शेवटच्या थव्यालाही भरतं. म्हणून मोठ्या बोटीला वाटत राहतं की दर्यात अजून खूप आहे. लहान होडीचं तसं नाही. डोल एका जागी उभी असते. मासा कमी झाला की तिचा खोला, म्हणजे जाळ्याची शेवटची पिशवी, पहिल्या दिवसापासून रिकामा लागतो. लहान होडी म्हणजे दर्याची नाडी. ती मंदावते, तेव्हा आजार सुरू झालेला असतो.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर नेमकं हेच झालं. तिथे कॉड नावाच्या माशावर गावंच्या गावं पिढ्यान्‌पिढ्या जगत होती. १९८० च्या दशकात किनाऱ्याजवळचे लहान मच्छीमार सांगत होते, की मासा घटलाय, लहान होत चाललाय. त्यांचं कोणी ऐकलं नाही, कारण खोल समुद्रातले मोठे ट्रॉलर भरून येत होते. २ जुलै १९९२ ला सरकारला कॉडची मासेमारी बंद करावी लागली. जवळपास ३० हजार माणसं कामावरून गेली. बंदी दोन वर्षांची म्हणून आली आणि ३२ वर्षं राहिली. पुढे त्याच पाण्यात खेकडा आणि कोळंबी वाढली. ज्यांच्याकडे ते धरायची साधनं होती, परवाने होते, बोट बदलण्याची ऐपत होती, ते सावरले. काहींनी तर पूर्वीपेक्षा जास्त कमावलं. ज्यांच्याकडे कॉडशिवाय काही नव्हतं, त्यांची गावं ओस पडली. दर्या एकच होता. मासा एकच गेला. पण घरांची नशिबं वेगळी झाली.

आपल्याला ३२ वर्षं नको आहेत. म्हणून आजच ऐका. किनाऱ्यावर राहत असाल तर डोलवाल्याला, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकाराला, एकट्या होडीवाल्याला विचारा: ‘यंदा कसं आहे?’ तो ‘काय नाय’ म्हणाला, तर हसून पुढे जाऊ नका. त्याचं म्हणणं मच्छीमार सोसायटीच्या सभेत मांडा. ग्रामसभेत मांडा. मत्स्यव्यवसाय खात्याच्या जिल्हा कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. तारीख, ठिकाण, काय मासा मिळाला, केवढा मिळाला, हे एका साध्या वहीत लिहायला लागा. शाळेतली मुलगी हे बापाला लिहून देऊ शकते. अशी वही दहा गावांत झाली, तर तिला कोणी नुसती तक्रार म्हणू शकणार नाही.

फार लांबचं उदाहरण वाटत असेल, तर शेजारी बघा. केरळात तारली म्हणजे गरिबाच्या ताटातला मासा. २०१२ साली तिथे जवळपास ४ लाख टन तारली उतरली. २०२१ साली उतरली ३,२९७ टन. आकडा पुन्हा वाचा. चार लाखांवरून तीन हजारांवर. समुद्राचं तापणं त्याला कारण होतं, आणि मोठी होण्याआधीच पकडलेली पिल्लंही. ज्यांनी किलोमीटरभर लांबीची, पर्ससीनसारखी गोल फिरवायची रिंगसीन जाळी तारलीसाठीच घेतली होती, त्यांच्या जाळ्यांचा ढीग किनाऱ्यावर पडून राहिला. जाळं विकता येईना, हप्ता चुकेना. पुढच्या वर्षांत तारली बऱ्यापैकी परतली. दर्या क्षमा करतो. पण मधल्या वर्षांत ज्यांची होडी गेली, ज्यांचा पोरगा शिक्षण सोडून परगावी कामाला गेला, त्यांची ती वर्षं कोणी परत दिली नाहीत.

म्हणून ती वेळ आपल्यावर येऊ देऊ नका. पिल्लं सोडा. जाळं ओढत नेणाऱ्या ट्रॉलवाल्यांनो, खोल्याला चौकोनी आसाची जाळी लावा. साध्या जाळ्याचा आस ओढ बसली की मिटतो आणि पिल्लं आत कोंडतात. चौकोनी आस ओढ बसली तरी उघडा राहतो. लहान जीव निसटतो, मोठा राहतो. डोलवाल्या भावांनो, तुम्हालाही सांगते, कारण तुम्ही आपले आहात. खोल्याचा आस बारीक केला की पापलेटाची पोरं त्यातही मरतात. पारंपरिक जाळं आहे म्हणून ते पाप आपोआप धुतलं जात नाही. पिल्लं जास्त येताहेत असं दिसलं, की जाळं उचला, जागा बदला, चार दिवस सोडा. तुम्ही स्वतःला आवर घातलात, तरच दुसऱ्याला आवर घालायचा हक्क तुमच्याकडे राहील.

आता त्या घरांकडे बघा, जिथे हा घाव शेवटी पोचतो. मालवण-वेंगुर्ल्याकडे रापण ओढतात. होडी जाळं दर्यात फिरवून आणते आणि मग दोन्ही दोरांना माणसं लागतात. म्हातारे लागतात, बायका लागतात, शाळा सुटलेली पोरं लागतात. जाळं किनाऱ्याला टेकलं, की ओढणाऱ्याला वाटा मिळतो. एका रापणीवर किती घरांच्या आमटीला मासा येतो, हे एकदा पहाटे जाऊन बघा. गोव्याच्या रापणकारांनी १९७० च्या दशकात याच वाट्यासाठी रस्त्यावर उतरून लढा दिला. माथानी साल्ढाणा त्यांच्या पुढे होते. त्या लढ्यातूनच गोव्याचा १९८० चा सागरी मासेमारी कायदा आला. लढा माशासाठी होताच. पण त्याहून जास्त तो माशाचा वाटा किती घरांत जातो, यासाठी होता.

कारण भावाचा मारही सारखा बसत नाही. एका रात्रीत मोठ्या बोटींनी बांगड्याचे ढीग उतरवले, की सकाळी बांगड्याचा भाव पडतो. त्या सकाळी दोन पाट्या बांगडा घेऊन आलेल्या बाईला गाडीभाडंही सुटत नाही. पुढे बांगडा गायब होतो, भाव चढतो. पण तेव्हा तिच्याकडे विकायला बांगडाच नसतो. भाव पडला तरी ती हरते, चढला तरी तीच हरते. तिच्यामागे जाळं विणणारा आहे, बर्फ फोडणारा आहे, टेम्पोवाला आहे, वलांडीवर बोंबील टाकणाऱ्या सासू-सुना आहेत. बोट एकाची असते. दर्या इतक्यांना जगवतो.

तेव्हा तुम्ही तिच्यापाशी थांबा. दारावर येणाऱ्या, कोपऱ्यावर बसणाऱ्या त्या ताईंकडून घ्या. विचारा: ‘ताई, आज कुठली मासळी? कुठल्या जाळ्याची?’ एकदा विचारलंत तर ती हसेल. दहादा विचारलंत तर ती बंदरावर जाऊन विचारेल. तिने विचारलं, की बंदर बदलायला लागतं. भाव करायचाच असेल तर करा, पण पिल्लं स्वस्तात मिळताहेत म्हणून घेऊ नका. ‘ही लहान आहेत, मोठी असतील तेव्हा द्या,’ एवढं स्पष्ट सांगा. तुमच्या एका नकाराने लिलावाची बोली खाली येते. मावशींनी पाटी नाकारली, तेव्हा त्या एकट्या होत्या. त्यांच्याबरोबर आपण सगळे असतो, तर ती पाटी विकलीच गेली नसती. जे विकलं जात नाही, ते कोणी पकडत नाही.

आणि ताटही बदला. आपल्याला आज तीनच नावं माहीत: सुरमई, पापलेट, कोळंबी. सगळं शहर तीन माशांच्या मागे लागलं, की सगळ्या बोटी तीन माशांच्या मागे लागतात. जाळं ताटाच्या मागे जातं. एकट्या पापलेटावर भार टाकू नका. मांदेली घ्या. ओला बोंबील घ्या. लेपे, सौंदाळे, मुडदुशे, शिंगाळा, तिसऱ्या, खेकडे घ्या. जून-जुलैत ताज्या समुद्री मासळीचा हट्ट धरू नका; तेव्हा दर्या बाळंतिणीच्या खोलीत असतो. त्या दिवसांत सुकट भाजा, सोड्यांची खिचडी करा, जवळ्याची चटणी करा. पंधरा प्रकारचा मासा खाणारं घर पंधरा प्रकारची जाळी जिवंत ठेवतं. आणि पंधरा प्रकारची जाळी असलेलं गाव एका माशाच्या जाण्याने मरत नाही.

कायदा नाही, असं म्हणू नका. आहे. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे. पर्ससीनवरच्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ ला राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले. परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणायचे, आणि मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. २०२१ साली राज्याने कायद्यातले दंड वाढवले. २०२३ साली पापलेट राज्यमासा झाला. त्याच वर्षी ५४ प्रकारच्या मासळीची किमान लांबी ठरली. केरळने ते आधीच केलं होतं. म्हणजे औषध लिहून झालं आहे. पाजायचं राहिलं आहे.

पाजणारे तुम्ही आहात. रात्री दर्यावर दिव्यांचा लखलखाट दिसला, तर सकाळी चहावर गप्पा मारून विसरू नका. तारीख लिहा, वेळ लिहा, दिशा लिहा, फोटो काढा आणि मत्स्यव्यवसाय खात्याला द्या. सागरी पोलिसांना द्या. स्वतः होडी घेऊन भिडायला जाऊ नका. दर्यातली भांडणं पोरांच्या जिवावर बेततात, आणि एकाही पोराचा जीव माशापेक्षा स्वस्त नाही. तुमचा आमदार गणपतीला दारात येईल, तेव्हा त्याला आरतीनंतर एकच प्रश्न विचारा: ‘गस्तीची बोट आमच्या किनाऱ्यावर महिन्यातून किती वेळा येते?’ उत्तर लिहून घ्या. पुढच्या गणपतीला पुन्हा विचारा.

खानावळ चालवत असाल, हॉटेल चालवत असाल, तर तुमच्या हातात आमच्यापेक्षा जास्त बळ आहे. थाळीत पापलेटाची पोरं तळून देऊ नका. फळ्यावर लिहा: ‘आज मांदेली.’ पर्यटक मांदेली खातील. बोटं चाटून खातील. शिक्षक असाल तर वर्गाला बंदरावर न्या. परदेशात राहत असाल आणि मे महिन्यात गावी येत असाल, तर ‘आपल्याकडे आता मासळीच नाही राहिली’ असं म्हणून उसासा टाकू नका. गावातल्या मच्छीमार सोसायटीत जाऊन बसा. त्यांना शीतपेटी हवी आहे का, सुक्या मासळीसाठी स्वच्छ ओटा हवा आहे का, विचारा. चांगल्या सुकलेल्या बोंबलाला चांगला भाव मिळाला, तर त्या घराला पिल्लं धरायची पाळी येत नाही.

मला माहीत आहे, तुम्ही चांगली माणसं आहात. शेजारच्याच्या चुलीवर हंडी चढली नाही हे कळलं, तर आपल्या घरातला वाटीभर रस्सा तुम्ही पदराखाली झाकून नेऊन देता. तोच हात मी मागते आहे. फक्त या वेळी तो शेजार थोडा लांब आहे. पाण्याकाठी आहे. काही तर पाण्याखाली आहे, अजून बोटभर लांबीचा, वाढायची वाट बघत असलेला.

वेळ थोडा आहे. पण आहे. बंदीच्या ६१ दिवसांत दर्याने आपलं काम केलं. अंडी पडली, पिल्लं झाली, ती आता वाढताहेत. आपलं काम १ ऑगस्टला सुरू होतं. पहिल्या होडीच्या पहिल्या पाटीपासून सुरू होतं. ‘या वर्षी राहू दे, पुढच्या मोसमात बघू’ म्हणू नका. पिल्लं पुढच्या मोसमाची वाट बघत नाहीत. ती या मोसमात जाळ्यात येतात.

बंदी उठल्यावरच्या पहिल्या रविवारी तुम्ही बाजारात जाल. पाटीसमोर उभे राहाल. वाकाल. पैसे काढण्याआधी पंजा उघडा, पापलेटाशेजारी धरा आणि मापा. लहान असेल, तर ताईंना सांगा, ‘हे नको.’ आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही सांगा.